दामाजीची पावती

संतचरित्रांचा भाग शिकवताना दामाजीपंतांची कथा मी अनेक वर्षे एकाच पद्धतीने सांगत आले. मंगळवेढ्याचा बेदरच्या बादशहाचा अधिकारी, भोवती भीषण दुष्काळ, दाराशी अन्नान्न करणारे लोक, आणि हाती किल्ल्या असलेली सरकारी कोठारे. दामाजी ती उघडतो, धान्य वाटून टाकतो. बादशहाचे बोलावणे येते आणि वाटेत असतानाच विठ्ठल महाराचे रूप घेऊन दरबारी हजर होतो, धान्याचे पैसे मोजतो, पावती घेतो. महिपतीने ही कथा सांगितली, कीर्तनकारांनी ती घरोघरी पोहोचवली. वर्गात तिचे तात्पर्य करुणा, भूतदया, भक्तवात्सल्य अशा ठरलेल्या शब्दांत लिहून दिले जाते आणि तास संपतो.

मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीने मध्येच हात वर केला. "मॅडम, धान्य तर फुकट वाटलं होतं. मग विठोबानं पैसे कशाला भरले? तो देव. बादशहाचं मन पालटवलं असतं तरी काम झालं असतं."

मी काहीतरी उत्तर दिले. बहुधा लोककथेच्या रचनेविषयी, चमत्काराच्या प्रयोजनाविषयी. ते उत्तर तिला पटले नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. मलाही पटले नव्हते. कारण तिचा प्रश्न ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे मंगळवेढे नव्हते, ऑगस्ट २०१९ मधले सांगलीतले एक वाणसामानाचे दुकान होते.

ते दुकान माझ्या मामांचे. विश्रामबागेच्या बाजूला, उंचावरच्या वस्तीत. त्या आठवड्यात कृष्णेने आयर्विन पुलाजवळची ४५ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच ओलांडली होती आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. गावभाग, खणभाग, मारुती चौक पाण्याखाली. तिकडे पंचगंगेच्या पाण्याने शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अडवलेला. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे बुडाली, त्या बातमीने तर साऱ्या जिल्ह्याचा श्वासच अडकला होता. मी एका शाळेत उभारलेल्या निवारा छावणीत मदतीला जात होते. दिवसभर चादरी मोजायच्या, नावे लिहून घ्यायची, आणि येणाऱ्या प्रत्येकाकडून तीच मागणी ऐकायची: दूध, मेणबत्त्या, प्यायचे पाणी.

पहिल्या दिवशी मामांनी सगळे नेहमीच्याच भावाने विकले. याचा मला अभिमान वाटला होता. दुपारी दोनपर्यंत दुकान रिकामे झाले. सकाळी लवकर आलेल्या दोघांनी मेणबत्त्यांचे खोकेच्या खोके उचलले होते. संध्याकाळी त्याच मेणबत्त्या चौकात हातगाडीवर चौपट भावाने विकल्या जात होत्या. जे लोक छातीएवढ्या पाण्यातून बाहेर पडून दुपारी दुकानाशी पोहोचले त्यांच्यासाठी मामांकडे योग्य भाव होता, माल नव्हता.

दुसऱ्या दिवशी मामा पहाटेच बाहेर पडले. मिरजेवरून पुढे कवठेमहांकाळकडे जाऊन त्यांनी दूध आणले. आमच्या जिल्ह्याचे हेही एक विपरीतपण: पश्चिमेला माणसे पुरात बुडत होती आणि पूर्वेला जत-आटपाडीकडे त्याच दिवसांत टँकरने पाणी पुरवले जात होते. डिझेल मिळत नव्हते, म्हणून टेम्पोवाल्याने तिप्पट भाडे घेतले. परत येताना दोन ठिकाणी वळसा पडला, काही पिशव्या फुटल्या, काही नासल्या. अर्ध्या लिटरच्या पिशवीवर छापील किंमत २२ रुपये होती. मामा ३५ घेत होते.

हे मला छावणीत कळले. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी बाई तिथे आपल्या नातवाला घेऊन बसली होती. घर गेलेले, अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेली. ती म्हणाली, "ताई, तुमच्या मामांकडं दूध आलंय म्हणं. पर पस्तीस रुपयं सांगत्यात. आले माघारी."

मी तडक दुकानात गेले. समोर रांग होती. त्या रांगेसमोर मी मामांना म्हणाले, "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाताय तुम्ही." आयुष्यभर म्हणी आणि वाक्प्रचार शिकवले त्याचा असा उपयोग केला. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी गल्ल्यातून एक चुरगळलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावर टेम्पोचे भाडे, हमाली, फुटलेल्या पिशव्या असा हिशेब होता. खाली भागाकार करून पिशवीमागे पडणारी रक्कम लिहिली होती. ती पस्तीसला काही पैसे कमी होती. मग ते एवढेच म्हणाले, "बावीसला विकलं तर उद्या आणायला जायचं कशाच्या जोरावर, ते तू सांग."

मी सांगू शकले नाही. पाठ फिरवून निघून आले. त्यानंतर आमच्यात जे अंतर पडले ते मामांनी दोन वर्षांनी दुकान बंद केले तेव्हाही पुरते मिटलेले नव्हते.

कायद्याने पाहिले तर मीच बरोबर होते. वेष्टनबंद वस्तू छापील किमतीपेक्षा अधिक दराने विकणे हा गुन्हा आहे. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याने सरकारला साठ्यावर आणि भावावर नियंत्रण ठेवण्याचे अधिकार दिलेले आहेत. २०२० मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती होऊन अन्नधान्यावरचे असे नियंत्रण युद्ध, दुष्काळ, विलक्षण भाववाढ आणि गंभीर नैसर्गिक आपत्ती एवढ्यांपुरते राखले गेले होते. पुढच्याच वर्षी ती दुरुस्ती कृषी कायद्यांबरोबर मागे घेतली गेली. म्हणजे बाजार मोकळा करू पाहणाऱ्यांनीही आपत्तीचा अपवाद सोडला नव्हता. आपत्तीत बाजाराला लगाम हवा, ही भावना आपल्याकडे इतकी खोल आहे.

तिला कारणही आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात लिटनच्या सरकारने धान्याच्या भावात हात घालायचा नाही असे धोरणच ठरवले होते. भाव चढला की जिथे टंचाई तिथे धान्य आपोआप जाईल, असा त्यामागचा विश्वास होता. धान्य गेलेही, पण जिथे पैसा होता तिथे. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या भागांतला ज्याचा रोजगारच गेला होता तो मजूर भाव कितीही बोलका झाला तरी त्याच्याशी बोलू शकत नव्हता. रिचर्ड टेम्पलने दुष्काळी कामांवरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा एवढीच मजुरी ठरवली, तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात जे मांडले त्याचे सार आपल्या आजीपणजीला अनुभवाने ठाऊक होते: उपासमार अन्न नसल्यानेच होते असे नाही, अन्नावरचा हक्क नसल्यानेही होते. छावणीतली ती बाई माघारी आली तेव्हा दुकानात दूध होते.

मग भाव बांधून टाकावा हे उत्तर पुरे का पडत नाही? मार्च २०२० मध्ये सरकारने दुपदरी मास्कला ८ रुपये, तिपदरीला १० रुपये आणि २०० मिलिलिटर सॅनिटायझरला १०० रुपये अशी कमाल किंमत ठरवली. आमच्या महाविद्यालयाजवळच्या औषधाच्या दुकानात तो दरफलक ठळक अक्षरांत लावला होता आणि त्याखाली 'मास्क शिल्लक नाहीत' अशी पाटी कित्येक दिवस होती. बांधलेल्या भावाने लोकांच्या हाती बोट दाखवायला एक आकडा दिला, त्याचे मोल मी कमी मानत नाही. पण आकडा तोंडाला बांधता येत नाही.

त्या काळात, घरात कोंडले गेल्यामुळे, कौटिलीय अर्थशास्त्र पुन्हा हाती घेतले. एरवी आपण साहित्याची माणसे त्या ग्रंथाकडे संदर्भापुरतेच जातो. व्यापाऱ्यांविषयी कौटिल्य अतिशय संशयी आहे. देशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा एवढाच नफा तो मान्य करतो, त्याहून अधिक घेणाऱ्याला दंड सांगतो. पण त्याच प्रकरणाच्या शेवटी तो म्हणतो की, जो माल दूरच्या देशातून किंवा दीर्घ काळाने येतो त्याचा भाव ठरवताना गुंतवणूक, उत्पादन, जकात, व्याज, भाडे आणि इतर खर्च हे सारे मोजूनच भाव ठरवावा. तिथे मी थांबले. भाडे! मामांच्या चुरगळलेल्या कागदावरची पहिलीच ओळ. कवठेमहांकाळ हा परदेश नव्हे, पण त्या आठवड्यात ते अंतर परदेशाएवढे झाले होते. पिशवीवर २२ हा आकडा छापणाऱ्याच्या मनात कोरडा रस्ता होता.

आणि त्यापुढच्याच प्रकरणात, दुर्भिक्षावरचे उपाय सांगताना, कौटिल्य भावाची भाषा जवळजवळ सोडून देतो. राजाने बी-बियाणे आणि अन्न द्यावे, बांधकामे काढून लोकांना पोसावे, असे तो सांगतो. म्हणजे नेहमीच्या दिवसांत व्यापाऱ्याला वेसण आणि आपत्तीच्या दिवसांत राजाने स्वतःचे कोठार उघडणे, ही दोन वेगळी कर्तव्ये त्याच्या मनात स्पष्ट होती. आपण दुसरे कर्तव्य टाळण्यासाठी पहिल्याचा गाजावाजा करतो, असे मला आता वाटते.

या दृष्टीने आपला स्वतःचा इतिहास फार बोलका आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्र तरला तो मुख्यतः भाव बांधून नव्हे. दुष्काळी कामांवर लक्षावधी माणसांच्या हाती मजुरी पडली, ती घेऊन ती बाजारात उभी राहू शकली. त्यातूनच रोजगार हमी योजना रुजली, आणि तिचा पहिला प्रयोग वि. स. पागे यांच्या पुढाकाराने त्याआधीच, १९६५ मध्ये, आमच्याच सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात झाला होता. लाल मिलो आणि सुकडी यांची आठवण आजही जुनी माणसे तोंड वाकडे करून काढतात, पण काढायला ती आहेत.

त्याच जिल्ह्यात २०१९ च्या पुरात पूरग्रस्तांना दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ मोफत देण्याचा आदेश निघाला तेव्हा त्यात घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असल्याची अट होती. कोठार उघडले होते, पण दाराशी घड्याळ घेऊन कोणी बसवला होता. दामाजीने असे विचारल्याचे कोणत्याही कीर्तनात ऐकलेले नाही.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येते. विठोबाने पैसे का भरले? मला वाटते, ही कथा रचणाऱ्या लोकांना धान्याची किंमत ठाऊक होती. ते कष्टकरी होते, धान्य कुठून आणि कशाने येते हे त्यांना शिकवावे लागत नव्हते. भुकेल्याकडून किंमत घ्यायची नाही, हे त्यांना जितके मान्य होते तितकेच हेही की किंमत नाहीशी होत नाही. ती कोणाच्या तरी डोक्यावर पडते. दामाजीच्या पडली असती. म्हणून त्यांच्या देवाने चमत्कार केला तो किंमत पुसून टाकण्याचा नव्हे, ती स्वतः भरण्याचा. आणि पावती घेण्याचा, ज्यायोगे उद्या कोणी दामाजीकडे पुन्हा मागू नये. या कथेतली करुणा हिशेबाला भिऊन पळत नाही. माझी पळाली होती.

त्या दिवशीच्या दोन गोष्टी मी इतकी वर्षे कोणाला सांगितल्या नव्हत्या. पहिली अशी की, मामांनी रांगेतल्या प्रत्येक घराला एकच पिशवी द्यायची असा नियम केला होता. मेणबत्त्यांचा धडा ते एका रात्रीत शिकले होते. भावाहून मोठा प्रश्न वाटणीचा आहे, हे त्या अर्धवट शाळा झालेल्या माणसाला उमगले होते आणि मी तो नियम डोळ्यांनी पाहूनही ओरडतच राहिले.

दुसरी गोष्ट लहान आहे. बावीस आणि पस्तीस यांत अंतर तेरा रुपयांचे होते. तेवढ्या तेरा रुपयांसाठी ती बाई नातवाला घेऊन माघारी आली, आणि तेवढ्या तेरा रुपयांसाठी मी मामांचा चारचौघांत पाणउतारा केला. माझ्या पर्समध्ये तेव्हा पाचशेच्या दोन नोटा होत्या. त्या काढून गल्ल्यावर ठेवाव्यात, छावणीसाठी दूध घ्यावे आणि पावती मागावी, हे मला सुचले नाही. मला सुचली ती म्हण.

पुढच्या तासाला त्या विद्यार्थिनीला हे सांगेन म्हणते. पण त्याआधी मामांकडे जायला हवे. तो कागद त्यांनी अजून ठेवला असेल, तर एकदा नीट वाचायचा आहे.