खांबाचा आधार

गेली सव्वीस वर्षे मी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील खेडोपाडी रुग्णांना त्यांच्या घरी जाऊन तपासत आले आहे. नाडीइतकेच घरही पाहावे, ही सवय मला या फिरतीने लावली. मात्र स्वतःच्या सासरच्या घराकडे मी त्या नजरेने कधी पाहिले नाही. त्याची किंमत माझ्या सासूबाईंना मोजावी लागली. ती हकिगत आज आपणांस सांगते.

आमचे घर मुरबाडजवळच्या एका खेड्यात. आजेसासऱ्यांनी बांधलेले, लाकडी सांगाड्याचे. या घरांची रचना आपणांपैकी अनेकांच्या पाहण्यातील असेल. सागाचे खांब जमिनीत न रोवता दगडी तळखड्यावर उभे करायचे, म्हणजे ओल लाकडात चढत नाही. खांबांवर तुळया, वर वासे, रिपा आणि कौले. जोड खिळ्यांचे नव्हेत. एका लाकडाला खाच पाडून दुसऱ्याचे कुसू तीत बसवायचे आणि लाकडी मेखेने पक्के करायचे. छपराचा सारा भार खांब पेलतात. कारवीचे, माती-शेणाने लिंपलेले कूड केवळ आडोसा देतात. एखादा कूड ढासळला तरी घर पडत नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपात माणसे दगावली ती मुख्यतः दगड-मातीच्या जड भिंतींखाली; लाकडी सांगाडे अनेक ठिकाणी उभेच राहिले होते.

तरीही घर पाडून स्लॅबचे बांधावे, असा माझ्या धाकट्या दिरांचा आग्रह होता आणि डॉक्टर म्हणून मी त्यांच्याच बाजूने होते. माझी कारणे खोटी नव्हती. उंबरठे वीतभर उंच. माजघरात भर दुपारी अंधार. शौचालय परसात, रात्री अंगण ओलांडून जायचे. चुलीच्या धुराने वासे टिकतात हे खरे, पण त्याच धुराने आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या किती बायकांना दम्यासारखा विकार जडतो, हे मी रोज पाहते. शिवाय कौलांत उंदीर, आणि उंदरांच्या मागे साप.

सासूबाई हलायला तयार नव्हत्या. अखेर दिरांनी शेजारच्या मोकळ्या जागेत नवे घर बांधले आणि आम्ही त्यांना जवळजवळ बळेच तिकडे नेले. प्रशस्त दिवाणखाना, मध्ये एकही खांब नाही, आरशासारखी फरशी. सोळाव्या रात्री त्या लघवीला उठल्या आणि दिवाणखान्याच्या मधोमध पडल्या. खुब्याचे हाड मोडले.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी मी त्यांना विचारले, "आई, दिवा तर चालू होता. मग तोल कसा गेला?"

"अगं, तिथं धरायला काय होतं?" त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी जुन्या घरात एकटी जाऊन उभी राहिले. त्यांच्या बाजेपासून स्वयंपाकघरापर्यंत चार-चार पावलांवर खांब होते, आणि प्रत्येक खांबावर, कमरेपेक्षा थोडा वर, हाताने गुळगुळीत झालेला काळपट डाग होता. गुडघे कमजोर झाल्यापासून त्या खांबाखांबाने चालत होत्या. त्यांचा रक्तदाब मी दर आठवड्याला मोजत होते. त्यांचा हात कुठे टेकतो, हे मात्र पाहिले नव्हते.

आम्ही त्यांना जुन्या घरी परत आणले आणि घर दुरुस्त केले. सुताराने प्रत्येक खांबाचा पाया हातोडीने ठोकून पाहिला. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. पण पडवीतील दोन खांब हलक्या लाकडाचे होते, त्यांचा आवाज पोकळ आला. छपराला टेकू देऊन ते बदलले. उंबरठ्यांना दोन्ही बाजूंनी लाकडी उतार केले. खांबांमध्ये कमरेच्या उंचीवर कठडा बसवला. हे काम लाकडी घरात फार सोपे असते. माजघरावर काचेची चार कौले घातली. पडवीला लागून खरखरीत फरशीचे शौचालय बांधले व आत धरायला दांडी लावली. चूल गेली, गॅस आला.

झोपण्यास खाट आणि गादीखाली चारही बाजूंनी नीट खोवलेली मच्छरदाणी, हा नियम केला. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास चावते आणि पुष्कळदा वेदना जाणवतही नाही. पापण्या जड होणे, गिळता न येणे अशी लक्षणे दिसताच विलंब न करता रुग्णालय गाठावे. आणखी एक सांगणे: रात्री उठताना वृद्धांनी मिनिटभर खाटेच्या कडेवर बसावे, मगच उभे राहावे. रक्तदाबाच्या औषधांनी उठताना चक्कर येऊ शकते.

प्रत्येक जुने घर राखण्याजोगे असते, असे माझे म्हणणे नाही. तुळई वाकली असेल, खांब कलला असेल, तर जाणत्या सुताराला दाखवावे. वेळप्रसंगी घर उतरवावे. जोड मेखेचे असल्याने चांगला साग सुटा होतो आणि नव्या घरात वापरता येतो. मृगाआधी कौले परतण्यासाठी मात्र घरातील वयस्क पुरुषांना छपरावर चढू देऊ नका. मे महिन्यात असे पडलेले रुग्ण दरवर्षी माझ्याकडे येतात. स्लॅबच्याच घरात राहत असाल तर खाटेपासून शौचालयापर्यंत भिंतीला दांडी लावून घ्या.

सासूबाई आज चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. एका हातात काठी, दुसरा हात कठड्यावर, अशा त्या घरभर फिरतात. वैशाखात स्लॅब रात्रीही तापलेली असते, तेव्हा दीर आपली वळकटी घेऊन आमच्या ओटीवर झोपायला येतात. त्या काही बोलत नाहीत, फक्त त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवतात.

घराविषयी कोणताही निर्णय घेण्यापूर्वी एक दिवस स्वस्थ बसून पाहा, आपल्या घरातील वृद्ध माणूस चालताना हात कुठे टेकते. तो आधार आधी टिकवा.