अंगणातील हरळी

हिरवळ अखंड असते तोवर तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. परंतु तिच्यात तळहाताएवढी जागा जरी उघडी पडली, तरी येणाऱ्याजाणाऱ्याची दृष्टी प्रथम तेथेच खिळते. मुख्याध्यापकपदावरून निवृत्त होऊन मी खुटबावला राहू लागलो, तेव्हापासून अंगणातील अशा उघड्या जागा बुजविणे हा माझा एक उद्योगच होऊन बसला आहे.

खुटबाव हे दौंड तालुक्यातील, पुणे-दौंड लोहमार्गावरील गाव. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस इकडे येईतो दमून गेलेला असतो. मात्र खडकवासल्याचे पाणी कालव्याने तालुक्यात येते, आणि त्याच्या बळावर उसाचे मळे उभे राहतात. अशा मुलखात हिरवळीसाठी गवत शोधावे लागत नाही. हरळी न बोलावताच येते. गणपतीला आपण वाहतो ती दूर्वा हीच. अमेरिकेत हिलाच बर्म्यूडा गवत म्हणतात. जमिनीवरून सरपटणारे धुमारे आणि जमिनीखालून पसरणारी खोडे अशा दुहेरी वाटेने ती पुढे सरकते व पेरापेराला मूळ धरते. उन्हाळ्यात ती वाळून काडी झालेली दिसते, पण मेलेली नसते.

शेतकऱ्यांचे मत मात्र निराळे आहे. मी हरळीचे तुकडे रोवीत असता शेजारचे एक वृद्ध बागाईतदार कुंपणापाशी थबकले आणि म्हणाले, "गुरुजी, आम्ही जन्मभर हिला खणून काढतो, वेचून बांधावर जाळतो, आन् तुम्ही तिला हातानं लावताय?" त्यांचे खोटे नव्हते. उसात शिरलेली हरळी नांगराच्या फाळाने तुटली, की एकाचे दहा तुकडे होतात आणि दहाही उगवतात.

मग एवढी चिवट वनस्पती माझ्या अंगणात जागोजाग नाहीशी का व्हावी? वर्गात मागे पडलेल्या मुलाला अधिक गृहपाठ देण्यापूर्वी तो मागे का पडला हे पाहावे लागते. तसेच मी येथे केले. कडुनिंबाखालच्या जागेचे कारण उघड होते. हरळीला भर उन्हाची भूक. सावलीत ती विरळ होत जाऊन संपते. तेथे मी गवताचा नाद सोडला व एक बाक ठेवला.

दुसरी जागा कोड्यात टाकणारी होती. भाद्रपद महिना, पाऊस समाधानकारक, आणि तरी तेवढाच तुकडा पिवळा पडत चाललेला. मूठभर गवत धरून ओढले, तो सगळा थर चटईसारखा उचलून आला! त्याला मुळेच उरली नव्हती. खाली चंद्रकोरीप्रमाणे अंग वळवून पांढऱ्या, लठ्ठ अळ्या पडल्या होत्या. ही हुमणी, उसाचीही मोठी वैरीण. हिचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून वर येतात, कडुनिंबाचा व बाभळीचा पाला खातात, आणि पुन्हा मातीत शिरून अंडी घालतात. अळ्या मी वेचून काढल्या. पण खरा बंदोबस्त पुढील वर्षी झाला. गल्लीतील मुलांनी अंधार पडल्यावर कडुनिंबाच्या फांद्या हलविल्या आणि खाली पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्यात बुडविले. तीन रात्री आमच्या अंगणात जत्रा भरली होती.

तिसरी उघडी जागा मात्र याच मुलांनी पाडलेली होती. शाळेला जाताना कोपऱ्याला वळसा घालण्याऐवजी ती माझ्या अंगणातून तिरपी जातात. पावलांखाली माती दगडासारखी घट्ट झाली, तिच्यात ना पाणी मुरे ना हवा. विम्बल्डनच्या टेनिस मैदानांवर २००१ सालापासून केवळ राय जातीचे गवत पेरतात व ते ८ मिलिमीटर उंचीवर राखतात. एवढी निगा असूनही स्पर्धा संपत येते तेव्हा मागच्या रेषेलगतची भुई उघडी पडलेली दिसते. दर वर्षी तेथे नव्याने पेरणी करावी लागते. कित्येकांनी मला तारेचे कुंपण घालण्याचा सल्ला दिला. तो मला रुचला नाही. सकाळी साडेनऊला अंगणातून जाणारा तो कलकलाट बंद झाला असता, तर त्या घरात मी आणि भिंतीवरचे घड्याळ एवढेच उरलो असतो. त्या वाटेवर मी पावलाच्या अंतराने शहाबादी फरश्या बसविल्या आणि फक्त दोहो बाजूंची झिजलेली जमीन दुरुस्त करावयास घेतली.

दुरुस्तीचे काम साधे आहे. मृगाचा पाऊस झाल्यावर जमीन वीतभर खणावी, ढेकळे फोडावीत, चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. दोनतीन पेरांचे हरळीचे तुकडे चार बोटांच्या अंतराने रोवावेत. शेंडा तेवढा वर ठेवून माती पायाने दाबावी. मुळे धरीपर्यंत ओल तुटू देऊ नये. ऐन थंडीत हा खटाटोप करू नये, कारण त्या दिवसांत हरळी झोपलेली असते. पाण्याविषयी मी थोडा कडक आहे. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात काही वस्त्यांना टँकरची वाट पाहावी लागते, तेथे हिरवळीवर नळ मोकळा सोडणे मला प्रशस्त वाटत नाही. भाज्या व तांदूळ धुतलेले पाणी झारीत भरून ठेवतो; तेवढ्यावर भागते.

श्रावण सरता सरता दोन्ही कडांचे धुमारे फरश्यांच्या फटींत शिरले. गणेश चतुर्थीच्या सकाळी त्याच बागाईतदारांची नात फाटकाशी उभी राहिली. तणनाशक फवारल्यामुळे त्यांच्या बांधावर हरळीची काडीही उरली नव्हती. "आजोबांनी एकवीस दूर्वा मागितल्यात," ती म्हणाली, आणि जुन्या, दाट गवताकडे न जाता नेमकी फरशीकडेच्या नव्या तुकड्यापाशी खाली बसली. तेथली पालवी अधिक कोवळी होती.