वागळेतला ळ

सगळ्यात आधी गेला तो ठ.

२०२३ची दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. किसन नगरच्या नाक्यावर शेअर रिक्षात बसलो आणि नेहमीसारखं "ठाणे स्टेशन" म्हणालो. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. "कुठं?" मी पुन्हा सांगितलं. शेजारच्या बाई जरा सरकून बसल्या आणि त्यांनी पदर नाकाला लावला. सकाळचे दहा वाजले होते. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे, दारूला मी उभ्या जन्मात शिवलेलो नाही. तरी त्या रिक्षात मी प्यायलेला माणूस ठरलो.

माझा प्रेसकामाचा गाळा वागळे इस्टेटमध्ये आहे. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत ती हीच. वडील पाटण तालुक्यातून इथे हेल्पर म्हणून आले. मी इथल्याच आयटीआयमध्ये शिकलो, दुसऱ्याच्या टूलरूममध्ये बारा वर्षं डाय बनवल्या आणि मग स्वतःचा गाळा घेतला. पाच प्रेस, सात माणसं. पत्र्याखाली पाच प्रेस एकदम चालू असतात तेव्हा शेजारी उभ्या माणसाचंही ऐकू येत नाही. तिथे आवाज हे हत्यार असतं. नवा पोरगा घाईत जॉब काढायला डायमध्ये हात घालतो, त्या क्षणाला मालकाच्या तोंडून "हात!" एवढा एकच शब्द निघावा लागतो आणि तो त्याच्या कानात शिरावा लागतो. माझ्या "हात!"ने एका पोराची चार बोटं वाचली आहेत. तो आज माझा सेटर आहे.

त्या डिसेंबरात मी ओरडलो आणि तिघांनी माझ्याकडे बघून विचारलं, "काय म्हणालात, शेठ?" आवाज मोठा होता, पण त्यात शब्द नव्हता. त्या दिवशी मी मशीनच्या ओळीतून बाजूला झालो आणि केबिनमध्ये बसायला लागलो. ज्याची हाक कळत नाही त्याने प्रेसपाशी उभं राहू नये.

पुढचे काही महिने या दवाखान्यातून त्या दवाखान्यात गेले. एकाने दाढ काढली, एकाने ताण आहे म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. अखेर मुंबईतल्या एका न्यूरॉलॉजिस्टने बॅटरीच्या उजेडात माझी जीभ पाहिली. ती तोंडात स्वस्थ पडलेली असतानाही तिच्यात मुंग्या फिरल्यासारखी थरथर होती. मग सुया टोचून ईएमजी झाला. २०२४च्या जूनमध्ये नाव कळलं: मोटर न्यूरॉन डिसीज. यातल्या साधारण चौथाई रोग्यांमध्ये सुरुवात हातापायांपासून न होता बोलण्या-गिळण्यापासून होते, त्यातला मी. सुरुवातीला स्वरयंत्र शाबूत असतं, जीभ शाबूत असते. त्यांना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. मोटर ठणठणीत आणि स्टार्टरकडून येणारी वायर जळलेली, असं मी पोरांना समजावलं. बऱ्याच जणांच्या बुद्धीला धक्का लागत नाही. रिल्युझोलची गोळी दिवसातून दोनदा घ्यायची. ती आजाराची गती थोडी कमी करते, आजार थांबवत नाही.

कागदावर गोळ्या होत्या, आहार होता, पुढची तारीख होती. आवाजाबद्दल एक ओळ नव्हती. ते सांगितलं स्पीच थेरपिस्ट ताईंनी, आणि तेही आम्ही महिन्याभराने त्यांच्याकडे पोचल्यावर. मला ट, ठ, ड, ढ, ण, ळ म्हणायला लावून त्या म्हणाल्या, "काका, जीभ मागे वळवून टाळूला लावावी लागते ती अक्षरं आधी जातायत. बाकीची आहेत तोवर आवाज साठवायला लागा. पुढच्या महिन्यात नाही, या आठवड्यात."

साठवण्याचे दोन प्रकार त्यांनी समजावले. पहिल्यात, व्हॉइस बँकिंगमध्ये, ठरलेली वाक्यं वाचायची. त्यावरून संगणक तुमच्या आवाजाचा साचा करतो आणि पुढे तुम्ही जे टाइप कराल ते त्या आवाजात बोलतो. दुसऱ्याला मेसेज बँकिंग म्हणतात. बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातले जॉन कॉस्टेलो यांनी ती पद्धत रुजवली. त्यात साचा वगैरे नाही. तुमच्या रोजच्या तोंडातली वाक्यं, तुमच्या सुरात, तुमच्या हसण्या-खाकरण्यासकट जशीच्या तशी रेकॉर्ड करून ठेवायची आणि वेळेला बटण दाबून वाजवायची. मला वाटलं होतं, पहिला प्रकार खरा आणि दुसरा पोरखेळ. ते उलटं निघालं.

भाचा आयटी पार्कमध्ये नोकरीला आहे. त्याने त्याचा आयफोन आणला. ॲपलने २०२३मध्ये 'पर्सनल व्हॉइस' नावाची सोय दिली होती: दीडशे वाक्यं वाचायची, फोन रात्रभर चार्जिंगला लावायचा, आवाज तयार. वाक्यं सगळी इंग्रजी. मी अडखळत वाचली. आवाज तयार झाला आणि खरंच माझ्यासारखा होता, अंगावर काटा आला. भाच्याने रोमन अक्षरांत 'वागळे' टाइप केलं. माझा आवाज म्हणाला, "वॅगल." मग मराठी वाक्य रोमनमध्ये घातलं. जणू कोणी साहेब माझा गळा घालून बोलत होता. आमची ही खाली बसून ऐकत होती. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

रेकॉर्डिंग नीट मराठीतच करायचं ठरलं, तर शांतता कुठून आणायची? घर किसन नगरला. एका अंगाला टीव्ही, दुसऱ्या अंगाला पाण्याची मोटर, खाली रिक्षांचे हॉर्न. तेव्हा शुक्रवार आठवला. आमच्याकडे विजेच्या साप्ताहिक सुट्टीचा वार शुक्रवार. आता बऱ्याच कंपन्या रविवार पाळतात, पण आमच्या ओळीतले लहान गाळे अजून शुक्रवारीच बंद असतात. त्या दिवशी दुपारी गाळ्यात गेलं की पत्र्यावरच्या कबुतरांची नखंसुद्धा ऐकू येतात. इतकी वर्षं मी तिथे घालवली आणि त्या जागेची शांतता मला ठाऊक नव्हती.

केबिनच्या भिंतींना चार गोधड्या टांगल्या, पॅकिंगचा फोम लावला. पहिलं रेकॉर्डिंग भाच्याने हेडफोनवर ऐकलं आणि म्हणाला, "मामा, मागे काहीतरी गुणगुणतंय." शोधलं तर ट्यूबलाइटचा चोक. दिवा बंद केला. कॉम्प्रेसरमधून हवा सुसत होती, तो रिकामा केला. फोन विमान मोडवर, माइक तोंडापासून एक वीत लांब, थोडा तिरपा, म्हणजे प आणि फ म्हणताना फुंकर बसत नाही. पहाटे आवाज सगळ्यात स्वच्छ, म्हणून पुढे साडेसहालाच जायला लागलो. पंधरा मिनिटं बोलायचं, पंधरा मिनिटं थांबायचं. दमलेल्या जिभेचं रेकॉर्डिंग घेऊ नये, नाहीतर साच्यात तो दमही उतरतो.

जुलै ते जानेवारी असे शुक्रवार झाले. पहिल्या दोन शुक्रवारी मी शहाण्यासारखी वाक्यं म्हटली: मला पाणी हवे आहे, मला त्रास होत आहे. "हे तुम्ही कधी असं बोलता?" हिने विचारलं. खरंच, "हवे आहे" मी कधी म्हटलंच नव्हतं. मग तिने वहीत यादी केली. पहिलंच वाक्य होतं, "गॅस बंद केलास का?"

गेली एकतीस वर्षं रोज रात्री अंथरुणावर पडल्यावर मी हे विचारतो. गाळ्यात "मेन खाली घेतला का?" आणि घरात "गॅस बंद केलास का?" यावरून ती माझ्यावर किती वेळा चिडली असेल, गणती नाही. "हे आधी घ्या," ती म्हणाली, "आणि नेहमीसारखं घ्या, अर्धवट झोपेत असल्यासारखं." मी डोळे मिटून म्हटलं. तिला पटलं नाही. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा तिने मान हलवली, आणि बराच वेळ पुढचं वाक्य वाचलं नाही.

त्या वहीत शेवटी दोनशे चाळीस वाक्यं झाली. "आरं लेका." "न्हाय जमायचं, भाव वाढवून द्या." "पुंडलिक वरदे" तर आलंच. नातवाला हाक मारताना मी त्याच्या नावाआधी जिभेने टक्क करतो, तेही घेतलं. "हात!" घ्यायला गेलो तेव्हा त शिल्लक होता, पण दम नव्हता. तो शब्द माझ्याकडे निरोगी आवाजात नाही याची खंत आहे.

तयार साच्याचं काम मात्र माझ्या शुक्रवारच्या मेहनतीतून झालं नाही, ते जुन्या फोनमधून झालं. २०१९मध्ये मी नव्या पोरांसाठी डाय कशी बसवायची, पंच आणि डायमधली फट कशी तपासायची, याचे व्हिडिओ केले होते. बहुतेकांत मागे प्रेसची धडधड आहे. सुट्टीच्या दिवशी केलेल्या दोन-तीनमध्ये नाही. त्यातून चार मिनिटं निघाली. निरोगी जिभेची चार मिनिटं. अमेरिकेतले चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांची वाचा कर्करोगाच्या शस्त्रक्रियांनंतर गेली, तेव्हा एडिनबरोच्या सेरेप्रॉक कंपनीने २०१०मध्ये त्यांच्या जुन्या रेकॉर्डिंगांतूनच त्यांचा आवाज उभा केला होता. तेव्हा त्यासाठी तासन्‌तास रेकॉर्डिंग लागायचं. आता थोडक्यात भागतं. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत गटाने मराठीसह भारतीय भाषा बोलणारी मॉडेल्स सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. भाच्याने २०२५मध्ये तसल्याच एकाला माझी चार मिनिटं दिली आणि देवनागरीत टाइप केलं: ठाणे, वागळे इस्टेट.

ठ आला. ण आला. ळ आला, टाळूला जीभ घासून, जसा माझा होता तसा. त्या वेळी माझ्या तोंडून तिन्ही गेले होते.

हाच आजार असलेले शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग जानेवारी २००१मध्ये टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या परिषदेसाठी मुंबईला आले होते. त्यांचा तो यंत्राचा आवाज मी तेव्हा टीव्हीवर ऐकला होता. इंग्लंडचा माणूस आणि आवाज अमेरिकन. १९८५मध्ये श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेत त्यांची वाचा गेली. नंतर मिळालेला आवाज एमआयटीच्या डेनिस क्लॅट यांनी स्वतःच्या आवाजावरून घडवला होता. त्या क्लॅट यांचाच आवाज कर्करोगाने गेला आणि १९८८मध्ये ते वारले. ते गेल्यावर जवळजवळ तीस वर्षं त्यांचा आवाज हॉकिंग यांच्या खुर्चीतून बोलत राहिला. हे वाचल्यापासून मला तो आवाज यंत्राचा वाटत नाही.

साचा तयार झाल्यावर भाच्याने विचारलं, "मामा, हे कोणी कोणी वापरायचं?" प्रश्न बरोबर होता. आवाजाच्या नकलेविरुद्ध २०२४मध्ये अरिजित सिंग आणि २०२५मध्ये आशा भोसले यांना मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. एप्रिल २०२५मध्ये नाशिकच्या मेळाव्यात एआयने घडवलेल्या बाळासाहेब ठाकऱ्यांच्या आवाजात भाषण झालं, तेव्हा आमच्या ओळीत चहावर दोन दिवस तोच वाद चालला. मी स्टँपपेपरवर लिहून दिलं: मी आहे तोवर साचा माझा. मी गेल्यावर मी बोललेली दोनशे चाळीस वाक्यं हवी तेवढी ऐका. न बोललेलं एकही वाक्य माझ्या तोंडी घालू नका. हिला हे पूर्ण पटलेलं नाही. नातू मोठा झाल्यावर त्याला गोष्ट सांगायला हा आवाज लागेल, असं तिचं म्हणणं. म्हणून मीच जिवंतपणी टाइप करून सात गोष्टी तयार ठेवल्या आहेत.

आज मी तोंडाने बोलत नाही. टॅबलेटवर टाइप करतो. साच्याचा आवाज माझा आहे, पण वेळ माझी नाही. मी वाक्य पुरं करेपर्यंत जेवणाच्या ताटावरचा विषय पुढे गेलेला असतो. तिथे साठवलेली वाक्यं कामाला येतात: एक बटण, आणि "आरं लेका" नेमक्या जागी पडतं. घरच्यांना एवढंच सांगणं आहे की आमची बोटं चालू असताना आमचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. थांबा.

टूलरूममध्ये मास्टर गेज असतं. ते तेल लावून कागदात गुंडाळून ठेवतात, रोजच्या कामाला काढत नाहीत. बाकीची गेजं झिजली की त्याच्यावर तपासतात. आवाजाचं मास्टर निरोगीपणीच करून ठेवायचं असतं. बोलणं जड झालं आणि कारण कळत नाही, अशी पहिली शंका आली त्याच आठवड्यात फोन उघडा आणि अर्धा तास मराठीत बोला, घरात बोलता तसं. आजार नाही निघाला तर काही बिघडलं नाही. घशाच्या कर्करोगात स्वरयंत्र काढायची तारीख मिळाली असेल, तर त्या तारखेच्या आधी बोला. आणि डॉक्टरांना हात जोडून विनंती: निदानाच्या कागदावर गोळ्यांच्या खाली आवाज साठवण्याची एक ओळ लिहा. आमचा पहिला महिना त्या ओळीवाचून वाया गेला.

माझ्या केबिनच्या गोधड्या मी काढलेल्या नाहीत. आतापर्यंत तिघे येऊन बोलून गेले: एक निवृत्त शिक्षिका, एक टीएमटी बसचे वाहक आणि डोंबिवलीहून आलेला तिशीतला एक मुलगा. शुक्रवारी गाळा बंद असतो. चावी समोरच्या चहाच्या टपरीवर ठेवलेली असते. आत गेल्यावर ट्यूबलाइट तेवढी बंद करा.