आषाढातले बर्फ

ओलावा म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याने आषाढात पेणला यावे. मिठाच्या बरणीत पाणी सुटते, आगकाडी ओढून ओढून पेटीची कड झिजते, पण काडी काही पेटत नाही. गणपतीच्या कारखान्यांत मूर्ती रंगवण्याइतकीच ती वाळवण्याची विवंचना. रोह्याला, कुंडलिकेच्या काठी, हीच तऱ्हा. पण हा आमचा ओलावा विमानातही शिरतो आणि तिथे त्याचे बर्फ होऊ पाहते, असे सांगितले तर कुणाला खरे वाटेल?

माझ्या रोह्याच्या आत्याला त्याची चुणूक दिसली. दिल्लीला तिच्या लेकीचे ऑपरेशन होते, म्हणून सत्तरीत ती प्रथमच विमानात बसली. तीही मुंबईहून, भर पावसात. दार लागते न लागते तोच डोक्यावरच्या फटींतून पांढरे लोट उतरू लागले. आत्याने माझे मनगट धरले.

"अरे, धूर! मला उतरव आधी!"

"आत्या, धुकं आहे ते. वास येतोय का बघ."

तिने हुंगून पाहिले. "नाही रे. नुसता गार वारा."

मनगट मात्र सुटले नाही. मग विमान हलेपर्यंत मी तिला त्या वाऱ्याची हकिगत सांगत बसलो.

बहुतेक जेट विमानांत ही हवा इंजिनातूनच घेतात. तिथे दाबली गेल्याने ती २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली असते. बाहेरच्या वाऱ्यावर तिला निववतात आणि मग एका लहानशा चक्रातून मोकळी सोडतात. चक्र फिरवता फिरवता ती इतकी गार होते की शून्याच्याही खाली जाऊ शकते. तसे झाले, तर तिच्यातल्या पाण्याचे बर्फ होऊन नळीच बुजायची! म्हणून कित्येक विमानांत पारा २-३ अंशांवर आला की एक झडप उघडते आणि थोडी गरम हवा त्यात मिसळते. पुढे कापडाची एक पिशवी धुक्याचे कण गोळा करते, त्यांचे थेंब होतात आणि पाणी बाजूला निघते. तरी जे धुके उरते, ते आत्याच्या डोक्यावर उतरले होते.

"म्हणजे गार करणाऱ्या यंत्राला ऊब द्यायची?" आत्या म्हणाली.

आणि मोठी मौज पुढेच आहे. ११ किलोमीटर उंचीवर बाहेर उणे ५६ अंशांची थंडी. पण तिथली हवा इतकी कोरडी, की नळीत बर्फ धरायला पाणीच नसते. या बर्फाचे भय खरे ते इथे, जमिनीलगत, आपल्या आषाढात!

पुढच्या काळातल्या विमानांत पाणी चक्राच्या आधीच काढून टाकू लागले. मग हवा शून्याखाली गेली तरी फारसे बिघडत नाही. हे ऐकून आत्याने माझे मनगट सोडले. "त्यात काय नवल? पापड चैत्रातच खडखडीत वाळवायचे असतात," ती म्हणाली.

यंत्र करणाऱ्यांनी बराच खटाटोप करून जे साधले, ते आमच्या गच्च्यांवर दर उन्हाळ्यात चाललेलेच असते. थंडीशी झुंजण्यापेक्षा ओल आधी काढावी, हे शहाणपण पावसाच्या मुलखातच लवकर कळते.