भुईगावचा दगड

गेल्या महिन्यात वसईच्या इतिहासप्रेमी मंडळींपुढे प्राचीन सोपाऱ्यावर व्याख्यान देण्याचा योग आला. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तेथील बौद्ध स्तूपाचे उत्खनन केले; त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली मिळाला, तोही आपल्या भुईगावात! निरर्थक विधींपेक्षा दास-सेवकांशी सद्वर्तन आणि वडीलधाऱ्यांचा आदर हेच खरे मंगल, असे अशोक त्या लेखात सांगतो. वेदीपुढे उभ्या राहणाऱ्यानेही अंतर्मुख व्हावे, असे ते शब्द आहेत.

व्याख्यान संपल्यावर एका वृद्ध श्रोत्याने विचारले, "फादर, जुन्या देवळाच्या फरशीतला अक्षरांचा दगड कुठे गेला हो?"

मी निरुत्तर झालो. पंचवीस वर्षांपूर्वी जीर्णोद्धाराच्या उत्साहात तो पोर्तुगीज थडगेलेख फोडून पायात भरण्यास मीच सांगितले होते. ना छायाचित्र घेतले, ना अक्षरे उतरवून ठेवली. कुणा श्रद्धावंताची अखेरची खूण माझ्या हातून पुसली गेली. सभेपुढे मी ते कबूल केले.

वाचकहो, आपल्या वाडीत, विहिरीच्या काठी एखादा कोरीव दगड असेल, तर तो हलवू नका, जाणकारांना दाखवा. भुईगावचा दगड वाचला, म्हणून बोलला. माझा कायमचा मुका झाला.