जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

जुनी वस्तु दुरुस्त करून वापरावी कीं मोडींत घालून नवी घ्यावी, हा प्रश्न प्रत्येक गृहस्थाच्या घरीं केव्हां ना केव्हां उभा राहतोच. पितळेचीं भांडीं, शिसवी कपाट, वाड्याचें छप्पर यांच्या बाबतींत उत्तर देण्याची आपणांस संवय असते. मोटारगाडीच्या बाबतींत मात्र आपण तें बहुधा कारागिरावर किंवा दुकानदारावर सोंपवितों. मला या प्रश्नाचा विचार स्वतःच करावा लागला. त्यांतून जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

आमची गाडी १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी. माझे श्वशुर मावळांत वैद्यकी करीत. त्यांनीं ती घेतली, आणि त्यांच्या पश्चात् ती आमच्याकडे शिरगांवीं आली. या गाडीचें कुळ तसें थोर आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर कंपनी स्थापिली. कारखाना मुंबईस कुर्ल्याला. इटलींतील फियाट कंपनीनें १९५३ सालीं जी ११०० नांवाची गाडी काढली, तिचाच वंश पुढें कुर्ल्यास वाढला आणि 'पद्मिनी' या नांवानें घरोघर पोंचला. एंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें, गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकाखालीं, आणि पुढची बैठक बाकासारखी सलग. मुंबईंतील या गाड्यांच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींचें पर्व ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं संपलें, हें वाचकांनीं वृत्तपत्रांत वाचलेंच असेल.

त्याच सुमारास आमच्या घरीं अडचण उभी राहिली. माझ्या पत्नीच्या पाठीचा मणका दुखावला. वैद्यांनीं आठवड्यांतून दोनदां तळेगांवीं उपचारास येण्यास सांगितलें, आणि धक्के टाळण्यासहि बजाविलें. नव्या ठेंगण्या गाड्यांत वांकून बसणें तिला जमेना. पद्मिनीच्या उंच, सपाट बैठकीवर ती सहज बसे. परंतु शिरगांवाहून सोमाटण्याकडे जातांना प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक गतिरोधक पुढच्या चाकांतून थेट तिच्या पाठींत शिरे. पुण्यास असणारा मुलगा म्हणाला, "बाबा, आतां ती गाडी काढूनच टाका." हिनें एका शब्दानेंहि विरोध केला नाहीं. वडिलांची गाडी, तरी ती गप्प राहिली, हेंच मला अधिक लागलें. त्यांत २०२४ सालीं नोंदणीच्या नूतनीकरणाची मुदत येत होती. गाडी सुधारावयाची कीं भंगारांत द्यावयाची, याचा निर्णय त्यापूर्वीं होणें भाग होतें.

मुळांत पुढच्या चाकांची रचना कशी असते, तें पाहूं. बैलगाडीचा आंस एकसंध असतो. एक चाक खड्ड्यांत गेलें कीं सगळी गाडी त्या अंगास कलते. पद्मिनीचीं मागचीं चाकेंहि अशींच एका आंसावर, पोलादी पाट्यांच्या आधारें बसविलेलीं आहेत. पुढचें प्रत्येक चाक मात्र स्वतंत्र आहे. त्यास वर एक व खालीं एक असे दोन आर्म. भार पेलण्यास गुंडाळीची स्प्रिंग. शिवाय ज्याला गॅरेजांत 'शॉकअप' म्हणतात तो नळकांड्यासारखा भाग. आर्म जेथें गाडीच्या अंगाला जोडतात, तेथें रबरी बुश. ज्या उभ्या खुंटीभोंवतीं चाक डावीकडे-उजवीकडे वळतें, ती किंगपिन. या सर्व संसारास सस्पेन्शन म्हणतात.

यांत स्प्रिंग आणि शॉकअप यांचीं कामें भिन्न आहेत, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. स्प्रिंग धक्का झेलते. पण झेललेला धक्का ती सावकाराप्रमाणें सांठवून ठेवीत नाहीं, लगेच परत करते. ती एकटीच असती तर गाडी पाळण्यासारखी हिंदकळत राहिली असती. शॉकअपच्या पोटांत तेल असतें. तें बारीक छिद्रांतून ढकललें जातांना त्या हिंदकळण्याची उष्णता होते व हालचाल शमते. म्हणून हादरे बसतात तेव्हां स्प्रिंग अधिक कडक करणें हा उपाय नव्हे. पुष्कळदां तो अपायच ठरतो.

माझा पुतण्या अमेरिकेंत मिशिगन प्रांतांत असतो. तेथें जुन्या, अचाट शक्तीच्या मोटारींचा मोठा षोक आहे. त्यांना 'मसल कार' असें म्हणतात. एंजिन मल्लाचें आणि पुढचीं चाकें बेताचीं, अशी त्यांतील कित्येकांची स्थिति असल्यामुळें पुढचें सस्पेन्शन सुधारणें हा तिकडे एक धंदाच झाला आहे. पुतण्यानें दूरध्वनीवरून सुचविलें, "काका, एखाद्या नव्या गाडीचा पुढचा सगळा जोड काढून हिला बसवून टाका." सूचना मोहक होती. परंतु त्याच्याच बोलण्यांत एक अशी हकीकत आली, कीं तिनें माझें मत उलट दिशेस वळविलें. फोर्ड कंपनीची मस्टँग गाडी १९६४ च्या एप्रिलांत निघाली. तिच्यावरून कॅरोल शेल्बी यांनीं १९६५ सालीं शर्यतीच्या जातीची जी 'जीटी ३५०' केली, तिच्यांत पुढच्या वरच्या आर्मची बैठक अवघी एक इंच खालीं घेतली होती. वळणावर गाडीचें अंग बाहेर कलतें, त्याबरोबर बाहेरचें चाकहि कलून टायर कडेवर येऊं पाहतो. बैठक इंचभर उतरविल्यानें चाक आंतल्या अंगास झुकतें व टायर रस्त्यावर सपाट राहतो. सबंध जोड न बदलतां, एका इंचाच्या मोजमापानें तो गुण साधला. याचा अर्थ असा, कीं या रचनेंत वजनदार सामानापेक्षां योग्य कोनाचें महत्त्व मोठें आहे. परक्या गाडीचा जोड आणून बसवावयाचा तर हेच कोन आधीं बिघडावयाचे.

शिवाय पद्मिनीचें अंग आणि सांगाडा एकजीव आहे. नवा जोड बसविण्यासाठीं तें अंगच कापावें लागेल. मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम ५२ अन्वयें नोंदणीपत्रांतील मूळ तपशिलाशीं विसंगत असा फेरफार करण्यास मनाई आहे. २०२१ सालच्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुनी, सांगाडा, अंग व एंजिन यांत फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदतां येते. मात्र ती मग रोजच्या वापरास नेतां येत नाहीं. आमच्या गाडीस २०२९ सालीं पन्नास वर्षें पुरीं होतील. तोंपर्यंत ती वापराची, आणि पुढें वाटलें तर जतनाची. पण अंगास करवत लावली तर जतनाचा मार्ग बंदच.

तळेगांवीं एक वृद्ध मिस्त्री आहेत. मुंबईच्या टॅक्सींवर त्यांची हयात गेली. त्यांनीं पुढचें चाक जॅकवर उचललें, वर-खालीं दोन्ही हातांनीं धरून हलविलें, आणि मला ब्रेक दाबून धरण्यास सांगितलें. ब्रेक दाबल्यावर चाकाची खेळ थांबली असती तर दोष बेअरिंगचा. ती तशीच राहिली, म्हणजे झीज किंगपिनची. नंतर त्यांनीं मडगार्डवर भार देऊन एकदम सोडला. धड शॉकअपनें गाडी एकदां वर येऊन स्थिर व्हावी. आमची तीनदां डुलली. दोन्ही बाजूंस चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजलें, तों डावी बाजू बोटभर बसलेली. पुतण्याची सूचना मीं त्यांना सांगितली, तेव्हां ते हंसून म्हणाले, "गुरुजी, पुढचं नवं, मागचं जुनं आणि ब्रेक तेच; मग गाडीनं ऐकायचं कुणाचं?"

व्याकरण शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें, त्यामुळें मला स्थानी आणि आदेश आठवले. एका वर्णाच्या जागीं दुसरा आला, तर येणाऱ्यास आदेश म्हणतात, आणि कांहीं अपवाद सोडतां तो मूळच्या स्थानीसारखाच वागला असें पाणिनि मानतो. यंत्राचाहि न्याय याहून निराळा नाहीं. बदललेल्या भागानें जुन्या भागाचें कर्तव्य पुरतें उचलावें. शेजाऱ्यांना न पेलणारें नवें कर्तव्य आणूं नये.

त्याप्रमाणें काम झालें. दोन्ही किंगपिना, सर्व रबरी बुश, पुढचे दोन्ही शॉकअप आणि दोन्ही स्प्रिंगा नव्या घातल्या. एकाच बाजूची स्प्रिंग बदलली तर गाडी तिरकी राहते. टायर रेडियल जातीचे बसविले. बुशचे बोल्ट अखेरचे आवळतांना मिस्त्रींनीं गाडी जॅकवरून उतरवून चारी चाकांवर उभी केली. अधांतरी आवळले असते तर रबर कायमचें पिळलेलें राहून लौकर फाटलें असतें. शेवटीं चाकांचे कोन यंत्रावर तपासून घेतले. खर्च माझ्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाहून कांहींसा अधिक आला. नूतनीकरणाची तपासणीहि यथास्थित पार पडली.

गाडी नव्या गाडीसारखी मऊ झाली, असें मी म्हणणार नाहीं. खड्डा खड्डाच राहतो. परंतु पूर्वीं गतिरोधकावरून उतरल्यावर ती दोनतीनदां उसळे, ती आतां एकदां उठून बसते. आणि सोमाटण्याच्या वळणावर सुकाणू हातांत ओढ घेत नाहीं. पहिल्या दिवशीं तळेगांवापर्यंत ही कांहींच बोलली नाहीं. दाराची मूठ घट्ट धरून बसण्याची तिची संवय. त्या दिवशीं दोन्ही हात मांडीवर होते. उतरतांना एवढेंच म्हणाली, "अहो, बाबा चालवीत तेव्हां अशीच चालायची."

किंगपिनेला वेळच्या वेळीं ग्रीस मिळालें नाहीं तर ती पुन्हां झिजणार, हें मिस्त्रींनीं निक्षून सांगितलें आहे. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं मी ग्रीसगन घेऊन अंगणांत बसतों. त्या तारखांवर हिनें दिनदर्शिकेंत वर्षभराच्या खुणा आधींच करून ठेविल्या आहेत.