कोयनेचं पाणी, कुणाचा एसी?

संध्याकाळी सातला आपण पुण्या-मुंबईची मंडळी घरी पोचतो आणि एकदम सगळं ऑन करतो. एसी, गीझर, टीव्ही, मायक्रोवेव्ह. ही मागणी काही मिनिटांत उचलायची तर कोळशाचं केंद्र कामाचं नाही, ते आळोखेपिळोखे देत उठतं. तिथे लागते कोयना. मी मूळची साताऱ्याची. त्यामुळे कोयनेचे १९६० मेगावॉट आमच्याकडे कॉलर ताठ करूनच सांगितले जातात.

पण माझा मामा आटपाडीत डाळिंब करतो. त्याचा हिशेब वेगळा. धरणाचं पाणी पश्चिमेला पोफळीकडे उतरवलं की भरपूर वीज. पूर्वेला सोडलं की ते कऱ्हाडला कृष्णेत येतं आणि पुढे टेंभू योजनेचे पंप ते उचलून त्याच्या शिवाराकडे नेतात. त्या पंपांनाही वीज लागतेच! शिवाय पश्चिमेला वर्षाला ६७.५ टीएमसी, ही मर्यादा कृष्णा पाणी तंटा लवादाने घातलेली. म्हणजे कोळसा लागत नसला तरी हे पाणी फुकट नाही, बॉस. आज उडवलं तर मे महिन्यात काय?

असे हिशेब देशभर आहेत. ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर लाइन जोडली गेली आणि देशातले पाचही विभाग एका ग्रिडमध्ये, एकाच ५० हर्ट्झच्या ठेक्यावर आले. मग कुणी किती वीज बनवायची? सगळी माहिती एका जागी गोळा करून हे गणित सोडवता येतं. दुसरा मार्ग इंजिनिअर लोक सांगतात, डिस्ट्रिब्युटेड ऑप्टिमायझेशन. नाव भारी, पण सांगलीचा हळदीचा सौदा आठवा. व्यापारी आपली वही कुणापुढे उघडत नाही, फक्त भाव बोलतो. इथेही प्रत्येक विभाग आपला हिशेब घरीच करतो. शेजाऱ्याला एवढंच कळवतो, की या भावाला मी इतकी वीज देईन किंवा घेईन. जुळलं नाही तर भाव थोडा हलवायचा, परत हिशेब. देणं-घेणं जुळेपर्यंत हेच चालू.

मला ही आयडिया आवडते. कुणी कुणाचा साहेब नाही, तरी काम होतं. फक्त एक आहे. मामाच्या बागेला पाणी हवं, ही अट आधी कुणीतरी गणितात लिहावी लागते. ती राहिली, तर उत्तर अगदी बरोबर येईल, आपले एसी मस्त चालतील आणि आटपाडीत डाळिंब वाळेल.